टॉर्चवर पास झालेला ऑप्टिकल रिसीव्हर

टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउट, घरच्या जुन्या डॅकला (डिजिटल सिग्नलचा ऐकू येणारा आवाज करणाऱ्या डब्याला) फक्त कोअ‍ॅक्सिअल, म्हणजे तारेची इन. दोन्हींत सिग्नल एकच, एसपीडीआयएफ हा डिजिटल आवाजाचा. इकडे लाल उजेड, तिकडे वीज. अडॅप्टर घरी जमण्यासारखा असतो. ५ व्होल्टचा टॉसलिंक रिसीव्हर (ऑप्टिकल केबलमधल्या उजेडाची वीज करणारा भाग), त्याच्या आउटपुटला एक ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे ३९० आणि ९१ ओहमचे रेझिस्टर आणि आरसीए सॉकेट. डॅकच्या ७५ ओहमवर साधारण अर्धा व्होल्ट मिळतो, आणि कोअ‍ॅक्सिअलला तेवढाच लागतो.

फसवलं ते रिसीव्हरने. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात 'ओरिजिनल जपानी, जुना स्टॉक' म्हणून टीओआरएक्स १७३ हा टॉसलिंक रिसीव्हर हाती ठेवला. अंगावर तोशिबाचं नाव, भावही नावाला साजेसा. वर दुकानदाराने माझ्यासमोर टेस्ट करून दाखवला: ५ व्होल्ट दिले, आउटपुटला मीटर लावला, भोकात मोबाइलचा टॉर्च मारला. व्होल्टेज वर. बोट ठेवलं, खाली. 'बघा साहेब, पास!'

घरी जोडल्यावर डॅक मुका. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, टीव्ही पीसीएमवर (साध्या, न दाबलेल्या डिजिटल आवाजावर) ठेवा. सल्ला एरवी बरोबर आहे, डॉल्बी चालू असेल तर साध्या डॅकमधून आवाज येत नाही. पण माझा टीव्ही पीसीएमवरच होता.

मित्राच्या ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलचा आकार दाखवणाऱ्या यंत्रावर, खरं काय ते दिसलं. ४८ किलोहर्ट्‌झच्या आवाजात सर्वांत अरुंद पल्स सुमारे १६३ नॅनोसेकंदांचा असतो. इथे पल्स नव्हतेच, नुसती सपाट रेघ. थिनरच्या बोळ्याने पुसल्यावर तोशिबाचं नाव पुसलं गेलं. कवच फोडलं तर आत साधा फोटोट्रान्झिस्टर, उजेड ओळखणारा स्वस्त सेन्सर! त्याला चालू-बंद व्हायलाच कित्येक मायक्रोसेकंद लागतात. टॉर्चला तो इमानदारीत उत्तर देतो, म्हणूनच ती टेस्ट इतकी खरी वाटते.

दुकानदाराने माल परत घेतला नाही. बिलावर नुसतं 'सेन्सर' लिहिलं होतं, आणि ते चुकून नसावं.

रिसीव्हर घ्यायला जाताना ऑप्टिकल आउट असलेली एखादी जुनी डीव्हीडी मशीन आणि छोटा डॅक सोबत न्या, काउंटरवरच गाणं वाजवायला सांगा. छापील अक्षरांवर थिनर फिरवू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. बिलावर पूर्ण पार्ट नंबर लिहून घ्या.