184ची केस आणि कोर्टाच्या गेटवरचा 'साहेबांचा माणूस'

वेगाची केस अंगावर आली की पहिला प्रश्न पडतो, वकील लावायचा की दंड भरून मोकळं व्हायचं? या एका प्रश्नावर पोट भरणारी माणसं कोर्टाच्या गेटवर उभी असतात. माझ्या धाकट्या भावाचे 18 हजार रुपये अशाच एकाने खाल्ले. पैशापेक्षाही वाईट म्हणजे त्यापायी भावावर वॉरंट निघालं.

भाऊ छोटा टेम्पो चालवतो, त्याचं पोट लायसन्सवर आहे. हायवेवर भरधाव ओव्हरटेक करताना पोलिसांनी अडवलं. नुसता वेग जास्त असता तर मोटार वाहन कायद्याचं कलम 183 लागलं असतं. हलक्या वाहनाला त्यात 1000 ते 2000 रुपये दंड असतो, आणि तेवढ्यासाठी सहसा कोणी वकील लावत नाही. पण त्याच्या कागदावर 184 होतं, म्हणजे धोकादायक पद्धतीने गाडी चालवणं. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय पोलिसांनी लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवलं, की ते तीन महिन्यांसाठी अपात्र ठरू शकतं. ज्याची चूल गाडीवर पेटते त्याने इथे वकील शोधणं अगदी रास्त होतं. त्यामुळे 'कशाला वकील लावायला गेला?' असं म्हणणाऱ्या नातेवाइकांशी मी वाद घालत बसत नाही.

गेटवर पांढरा शर्ट, काळी पँट आणि बगलेत फायली घेतलेला एक माणूस भेटला. कार्ड एका वकिलाचं दिलं आणि स्वतः 'साहेबांचा माणूस' म्हणवला. तो जे बोलला त्यातलं निम्मं खरं होतं, म्हणूनच भावाला पटलं. 'तुम्हाला प्रत्येक तारखेला यायची गरज नाही.' खरंच आहे. वकीलपत्र, म्हणजे वकिलाला आपली बाजू मांडायचा अधिकार देणारा कागद, दाखल असेल आणि गैरहजेरीच्या माफीचा अर्ज मंजूर झाला तर नाही यावं लागत. 'लोकअदालतीत मिटवून टाकू.' हेही कानाला बरं लागतं, कारण चलनं तिथे खरोखर निकाली निघतात. पण लोकअदालतीत फक्त तडजोडीला पात्र गुन्हेच घेता येतात. 184मध्ये तशी तडजोड हातात मोबाइल धरून गाडी चालवल्याच्या प्रकरणापुरतीच आहे, 184खालच्या भरधाव गाडीला ती सोय नाही. आणि लोकअदालतीला फी लागत नाही, हे तर तो बोललाच नाही. 'आत्ता निम्मे, केस उडाली की उरलेले,' असंही म्हणाला. निकालावर फी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलचे, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे, नियमच मनाई करतात, गिऱ्हाईक शोधत फिरायलाही. म्हणजे गेटवर येऊन 'काय केस आहे?' विचारणारा माणूस तिथेच संशयास्पद ठरतो.

पैसे यूपीआयने गेले. स्क्रीनवर नाव आलं एका किराणा दुकानाचं. 'साहेबांचं खातं बंद आहे,' असं उत्तर मिळालं. पावती नाही, वकीलपत्रावर सही नाही. काही आठवड्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गोल शिक्क्याचा एक फोटो आला, 'केस रद्द'. उरलेले पैसेही त्याच दिवशी गेले. त्या कागदावर ना केस नंबर होता ना न्यायाधीशांचं नाव, पण 'रद्द' हा शब्द डोळ्यांसमोर असताना बाकीचं कोण वाचतंय!

नंतर जामीनपात्र वॉरंट घेऊन पोलीस दारात आले, तेव्हा सगळं उघड झालं. केस चालूच होती, तारखा पडत होत्या आणि भाऊ गैरहजर दिसत होता. हे मोबाइलवरसुद्धा बघता आलं असतं. प्रत्येक केसला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख, टप्पा आणि वकिलाचं नाव दिसतं. कोणी 'केस मिटली' म्हटलं तर फोटो बघण्याआधी तिथे बघा. कार्डावरचे वकील खरेच होते, पण त्यांना त्या माणसाचा पत्ताही नव्हता. कार्डं कुणाच्याही टेबलावरून उचलता येतात.

मग ओळखीतून एक वकीलबाई गाठल्या. त्यांनी आधी भावाची वकीलपत्रावर सही घेतली, सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक लिहून दिला आणि फीची पावती फाडली. वॉरंट रद्द करायचा अर्ज दिला, तो मंजूर झाला. त्यानंतर त्यांनी कागदपत्रांच्या नकला काढल्या आणि विचारलं ते असं: वेग कशाने मोजला, त्या यंत्राचं प्रमाणपत्र कुठे आहे, नोंदीत गाडीचा नंबर दिसतो का, आणि 183 न लावता 184 कशाच्या आधारावर लावलं? 'सोडवतेच' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. उलट, गुन्हा कबूल केला तर दंडावर भागेलही, पण दोषसिद्धी नोंदली जाईल आणि तीन वर्षांत पुन्हा तेच घडलं तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाते, हे समोर मांडून निर्णय भावावर सोडला. फी त्या ठगापेक्षा कमीच होती.

ज्यांना तीही परवडत नाही त्यांनी न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या खिडकीवर जावं. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि ठरावीक उत्पन्नाखालच्यांनाही आहे. हेल्पलाइन 15100. ही खिडकी बहुतेक न्यायालयाच्या आवारातच असते आणि गेटवरचा माणूस तिचं नाव कधी काढत नाही.

त्या ठगाविरुद्ध आम्ही पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे. बार कौन्सिलचा उपयोग झाला नाही, कारण तो वकीलच नव्हता, आणि तिथे कारवाई होते ती सनद असलेल्यांवर. यूपीआयचा व्यवहार, तो 'केस रद्द'चा फोटो आणि त्याचे व्हॉइस मेसेज भावाने जपून ठेवले होते, म्हणून निदान तक्रार लिहून घेतली गेली. पैसे अजून आलेले नाहीत. 184ची केस चालू आहे; वेग मोजणाऱ्या यंत्राचं प्रमाणपत्र सरकारी पक्षाकडून यायचं आहे.