हॅरिंगचं बेअरब्रिक आणि त्याची ॲक्रिलिक पेटी: उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

बेअरब्रिक म्हणजे मेडिकॉम टॉय या जपानी कंपनीचं, सांधे फिरणारं प्लास्टिकचं अस्वल. माझ्याकडचं अमेरिकी चित्रकार कीथ हॅरिंगच्या चित्रांचं आहे, ४०० टक्के आणि १०० टक्के अशा दोन मापांची जोडी. मावसभाऊ टोकियोत नोकरीला आहे, तो येताना घेऊन आला. ते ठेवायची ॲक्रिलिकची (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची) पेटी इथे पुण्यात करून घेतली. दोन्ही वस्तू उन्हाळाभर आणि पावसाळाभर वापरून झाल्यात, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: मे २००१ मध्ये टोकियोतल्या एका प्रदर्शनात आलेल्या लोकांना पहिलं बेअरब्रिक फुकट वाटलं होतं. अस्वलाचा आकार तेव्हापासून तोच आहे, बदलतं ते अंगावरचं चित्र. १०० टक्के म्हणजे ७ सेंटीमीटर उंच, ४०० टक्के म्हणजे २८ आणि १००० टक्के म्हणजे ७०.

माझ्या मते हॅरिंगची रेष या आकारावर जितकी खुलते तितकी दुसऱ्या कुणाची खुलत नाही. न्यूयॉर्कच्या सबवे स्टेशनांत जाहिरातीच्या रिकाम्या फलकांवर काळा कागद लावलेला असायचा, त्यावर तो खडूनं चित्रं काढायचा. पोलीस येण्याआधी आटपायचं, खोडायला वेळच नाही. त्यामुळे त्याची रेष एकदा सुटली की थांबत नाही. छापील चित्रात ती एका नजरेत दिसते. अस्वलावर मात्र ती खांद्यावरून पाठीकडे जाते, कानामागे वळते, मांडीवर पुन्हा भेटते. ते बघायला अस्वल हातात घेऊन फिरवावंच लागतं. हात वर केला की दंडावरचा नाचणारा माणूस छातीवरच्या माणसापासून सुटतो आणि डोक्याशेजारी नवीनच जोडी जमते. इतके महिने झाले तरी मला अजून अशा जोड्या सापडतायत. ४०० टक्क्यांचे सांधे फिरवताना कट् कट् असा दातेरी आवाज येतो आणि हात ठेवाल तिथे राहतो. पकड आजही पहिल्यासारखी घट्ट आहे.

‘मेलेल्या चित्रकाराच्या नावावर खेळणी विकतात’ असं काही जण म्हणतात. हॅरिंगच्या बाबतीत हे मला पटत नाही. १९८६ मध्ये त्यानं स्वतःच न्यूयॉर्कमध्ये ‘पॉप शॉप’ उघडलं आणि आपल्या चित्रांचे टी-शर्ट, बिल्ले विकायला ठेवले. १९८८ मध्ये टोकियोतही दुकान काढलं. कला सगळ्यांच्या हातात जावी हा त्याचा आग्रह होता. १९९० मध्ये, अवघ्या ३१ व्या वर्षी तो गेला. म्हणूनच मर्यादित आवृत्ती संपल्यावर हेच अस्वल दामदुपटीनं विकलं जातं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. तशा भावानं घेऊ नका, पुढच्या आवृत्तीची वाट बघा.

आता पेटी. बाजारात मिळणाऱ्या तयार पेट्या उभ्या अस्वलाच्या मापाच्या असतात. त्यात अस्वलाला बसलेलं ठेवता येत नाही, हात पुढे करता येत नाहीत, म्हणजे निम्मी मजा गेली. मी ५ मिलीमीटर जाडीच्या ॲक्रिलिकची, २५ सेंटीमीटर खोलीची पेटी सांगून करून घेतली, पुढे चुंबकाचं दार. दार हवंच. वरून अख्खं झाकण उचलावं लागलं तर अस्वल बाहेर काढायचा कंटाळा येतो.

ॲक्रिलिक कोरड्या फडक्यानं पुसलं की त्यावर स्थिर वीज साठते आणि उलट जास्त धूळ चिकटते. मायक्रोफायबर किंचित ओला करून पुसा. अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव अजिबात नको, त्यानं ॲक्रिलिक धुरकट होतं, बारीक तडे जातात. अस्वलाला अल्कोहोल किंवा थिनर लावू नका. चित्रकलेचा मऊ ब्रश पुरतो.

खरी भीती उन्हाची. बेअरब्रिक मुख्यतः एबीएस प्लास्टिकचं असतं आणि अतिनील किरणांनी एबीएस पिवळं पडतं. माझी पेटी खिडकीसमोर नाही, आतल्या भिंतीला आहे. पांढरा भाग अजून पांढराच आहे. पावसाळ्यात अस्वलाला काहीच झालं नाही, व्हायनल या मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या कालांतरानं चिकट होतात तसं एबीएसचं होत नाही. दमट हवेचा त्रास झाला तो पुठ्ठ्याच्या मूळ खोक्याला, त्याच्या कडा फुगल्या. ते आता सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद पिशवीत कपाटात आहे. पुढेमागे विकायचं असेल तर खोक्याची काळजी पहिल्या दिवसापासून घ्या, कारण घेणारा खोकं आधी बघतो.

छोट्या १०० टक्केवाल्याला पेटी नाही. तो कामाच्या टेबलावर असतो, फोनवर बोलताना माझ्या हातात असतो, भाची आली की तिच्या हातात. छपाई कुठेही उडालेली नाही. पैसे मोजके असतील तर पेटीचा खर्च ४०० टक्क्यांपुरताच करा.