व्हिडिओतला आकडा हललाच नाही, आणि माझे साडेचौदा हजार गेले

हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाची, रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा पास झालो, व्हीयू३ ने सुरू होणारा कॉल साइन (रेडिओवरची ओळख) मिळाला आणि लगेच डोक्यात किडा वळवळला की उपग्रहावरून बोलायचं. हातातल्या वॉकीटॉकीवरून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या रिपीटरमार्गे (आलेला आवाज पुन्हा प्रसारित करणारं यंत्र) हजार किलोमीटरवरच्या माणसाशी बोलता येतं, हे कळल्यावर गप्प कोण बसेल?

अशात एकाने 'रेडी टू यूज सॅटेलाइट किट' विकायला काढलेलं दिसलं. यूएसबी डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर), प्रीअ‍ॅम्प्लिफायर (क्षीण सिग्नल वाढवणारा डबा) आणि यागी (एका दिशेला रोखायची, दांड्यांची) अँटेना मिळून १४,५०० रुपये. सोबत अडीच मिनिटांचा व्हिडिओ. स्क्रीनवर ४३७.८०० मेगाहर्ट्झ, म्हणजे स्थानकाची डाउनलिंक (वरून खाली येणारी) फ्रीक्वेन्सी, खाली वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल वेळेनुसार दाखवणाऱ्या आलेखावर, ठसठशीत पिवळी रेघ आणि खणखणीत आवाज. मी तो दहा वेळा तरी पाहिला. पैसे यूपीआयने आगाऊ, कारण म्हणे "अजून दोघं मागतायत".

किट आलं. स्थानक गच्चीवरून जाताना, म्हणजे एका 'पास'मध्ये, जेमतेम दहा मिनिटं मिळतात. तीन दिवस, पाच पास, नुसती खरखर. विचारलं तर म्हणतो, "स्पेसवॉकच्या वेळी रेडिओ बंद ठेवतात हो, थोडं थांबा." आता हे खरंच आहे, म्हणून मीही थांबलो. भामट्याला विषयाची माहिती असली की जास्त महागात पडतं.

शेवटी गावातल्या एका जुन्या हॅम काकांकडे सगळं घेऊन गेलो. त्यांनी आधी व्हिडिओ बघितला आणि हसले. "अरे, वळण कुठंय?"

उपग्रह आपल्याकडे येत असताना डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे त्याच्या वेगामुळे, फ्रीक्वेन्सी वर सरकलेली असते, दूर जाताना खाली. या बँडवर दोन्ही बाजूंना दहा-दहा किलोहर्ट्झपर्यंत. म्हणजे ४३७.८१० च्या आसपास ऐकायला सुरुवात करायची आणि ४३७.७९० च्या जवळ संपवायची. डोक्यावरून जाताना ती भराभर घसरते, म्हणून वॉटरफॉलवरची रेघ वळायला हवी. सॉफ्टवेअरने आपोआप दुरुस्ती केली तर रेघ सरळ दिसेल, पण मग वरचा आकडा बदलत राहायला हवा. इथे रेघही सरळ आणि आकडाही जागच्या जागी. पठ्ठ्याने शेजारीच वॉकीटॉकी दाबून धरला असणार.

मग काकांनी प्रीअ‍ॅम्प्लिफायरचे चार स्क्रू काढले. आत सर्किट नव्हतंच. दोन एसएमए कनेक्टर (केबल जोडायच्या स्क्रूच्या खोबण्या) एका वायरच्या तुकड्याने जोडलेले आणि वजन वाटावं म्हणून गरम गोंदाने चिकटवलेला लोखंडी नट. अँटेनाला फूटपट्टी लावली. या फ्रीक्वेन्सीला अर्धी तरंगलांबी साधारण ३४ सेंटिमीटर, त्यामुळे मधला दांडा त्याच्या आसपास हवा. आमचा ४७ भरला. दांड्यांना जुनी भोकंही होती, बहुधा कुठल्या तरी छपरावरच्या टीव्ही अँटेनाची. डोंगल तेवढा चालू होता, तोही साधाच.

फोन केला तर नंबर बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोवर आठ दिवस उलटून गेले होते आणि त्याच्या खात्यात काही उरलं नव्हतं. फसलोय असं वाटलं त्याच दिवशी फोन केला असता तर निदान रक्कम गोठवायची संधी होती. लाजेपोटी थांबलो, दुसरं काय!

असं काही घेणार असाल तर विकणाऱ्याला पूर्ण पासचा, न कापलेला व्हिडिओ मागा, त्यात आकडा किंवा रेघ सरकताना दिसलीच पाहिजे. डबा उघडून आतला फोटो मागा. शक्य असेल तर एखाद्या हॅमच्या गच्चीवर चालवून दाखव म्हणा, पैसे नंतर.

काकांनी नंतर पीव्हीसी पाइपवर स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे लावून यागी करायला शिकवली. पाचशेच्या आत झाली. रविवारी संध्याकाळी तिच्यावर कुणाचा तरी कॉल साइन ऐकू आला, आणि मी ४३७.८०५ वरून ४३७.८०० वर येईपर्यंत तो निसटलाही.

काल तोच व्हिडिओ दुसऱ्या नावाने परत दिसला. आता भाव १६,५००.