कागद संपतो तिथपर्यंत : आरोल्सनच्या शोधसेवेचे परीक्षण

नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या आपल्या माणसाचे नेमके काय झाले, हे जाणून घेऊ पाहणाऱ्या कुटुंबांसाठी जर्मनीच्या हेसन राज्यातील बाड आरोल्सन या छोट्या गावातून ‘आरोल्सन आर्काइव्ह्ज’ ही संस्था शोधसेवा चालवते आणि त्यासाठी शुल्क घेत नाही. मी जर्मन भाषांतराचे काम करते, म्हणून एका मैत्रिणीने आपल्या आजीच्या भावाच्या शोधात मला सोबत घेतले. तो, त्याची पत्नी आणि लहान मुलगी अशा तिघांना १९४२ मध्ये घरातून नेले, एवढेच त्या घरात माहीत होते. आजी त्याविषयी बोलत नसे आणि बाकीचे विचारायला धजत नसत. तत्पूर्वी एका खासगी शोधकाने भरपूर पैसे घेऊन याच संग्रहातल्या, कुणालाही फुकट मिळणाऱ्या प्रती छापून त्यांच्या हाती ठेवल्या होत्या. तो मनस्ताप इतरांना होऊ नये, हे या लेखनामागचे एक कारण आहे.

संग्रह प्रचंड आहे. सुमारे ३ कोटी दस्तऐवज, त्यांत सुमारे पावणेदोन कोटी माणसांचे उल्लेख, आणि नावांच्या सूचीची ५ कोटी कार्डे. एकच आडनाव वेगवेगळ्या कारकुनांनी वेगवेगळ्या हिज्ज्यांनी लिहिलेले असल्यामुळे ही कार्डे उच्चाराच्या क्रमाने लावलेली आहेत. २००७ पर्यंत हे दप्तर संशोधकांना बंद होते आणि कुटुंबांना लेखी उत्तराची वाट पाहण्यावाचून पर्याय नव्हता. आज बहुतांश कागद संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. तरीही केवळ स्वतः शोधण्यावर न थांबता अर्ज जरूर भरावा, असे मी सुचवेन, कारण नावाच्या शोधात जे निसटते ते तिथल्या जाणकारांना बरेचदा सापडते. उत्तर यायला वेळ लागतो, हे गृहीत धरूनच बसावे.

आम्हाला पहिल्यांदा सापडले ते १९३८ चे बुखेनवाल्ड छावणीतले एक कार्ड. आजीच्या भावाला त्या वर्षी छावणीत डांबले होते आणि १९३९ मध्ये सोडले होते, ही गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती. छावणीत शिरताना कैद्याकडून काढून घेतलेल्या वस्तूंची नोंद या कार्डावर असते. टोपी, कोट, विजार, सदरा अशी नावे आधीच छापलेली, शेजारी हाताने लिहिलेले आकडे आणि तळाशी कैद्याची सही. जुने जर्मन हस्ताक्षर वाचणे म्हणजे मोडी वाचण्यासारखेच, लिहिणाऱ्याच्या हाताची सवय ओळखावी लागते. पण ती सही वाचायला माझी गरज लागली नाही. मैत्रिणीने पडद्यावर ती मोठी करून पाहिली आणि आडनावाचे शेवटचे अक्षर आजी अगदी असेच खाली ओढायची, एवढे बोलून ती बराच वेळ गप्प राहिली. असे कागद समजून घेण्यासाठी संस्थेने प्रत्येक प्रकारच्या कार्डाची, त्यावरच्या रकान्यांची आणि संक्षिप्त खुणांची उकल करणारी मार्गदर्शिका दिली आहे, आणि मला विचाराल तर साऱ्या सेवेत तीच सर्वांत मोलाची आहे.

दुसरा कागद १९४२ च्या हद्दपारीच्या यादीचा. यात त्याच्या नावात मध्ये ‘इस्राएल’ आणि पत्नी व मुलीच्या नावात ‘सारा’ घातलेले दिसले, तेव्हा ही माणसे आपली नव्हेतच, असे कुटुंबाला वाटले. जानेवारी १९३९ पासून ज्यूंवर ही नावे कायद्याने लादली गेली होती; १९३८ च्या कार्डावर ती नाहीत, याचा उलगडा त्यातूनच होतो. मुलीच्या व्यवसायाच्या रकान्यात ‘काही नाही’ असे टंकलेले आहे.

त्यापुढे कागद नाही, आणि सेवेची खरी परीक्षा इथेच होती. ही गाडी व्याप्त पोलंडमधल्या सोबिबोर या संहार छावणीला गेली, असे इतिहासकारांनी निश्चित केले आहे. तिथे पोहोचलेल्यांना बहुधा काही तासांतच मारले जाई, त्यामुळे त्यांची कार्डे बनलीच नाहीत; मारेकऱ्यांनी जे लिहूनच ठेवले नाही ते कोणत्याही दप्तरात मिळणार नाही. संस्थेच्या उत्तरात हे स्पष्ट शब्दांत लिहिले होते, आणि खोटी आशा लावणारे एकही वाक्य नव्हते. कैद्यांच्या अंगठ्या, घड्याळे, छायाचित्रे कुटुंबांना परत करण्याचे कामही ही संस्था करते, परंतु त्या वस्तू मुख्यत्वे राजकीय कैदी आणि वेठबिगार कामगारांच्या आहेत. संहार छावण्यांत नेलेल्यांचे सामान लुटले गेले होते, म्हणून ज्यू कुटुंबांनी त्याची फारशी अपेक्षा ठेवू नये.

घरात न्यायालयाचा एक जुना कागद होता, त्यात तिघांच्याही मृत्यूची तारीख ८ मे १९४५ अशी दिली होती. ज्यांचा मृत्यू नोंदला गेला नाही अशा असंख्य लोकांना कायद्याच्या सोयीसाठी युद्धसमाप्तीची हीच तारीख लावली गेली. इतकी वर्षे आजी त्या दिवशी मेणबत्ती लावत असे. आता, ज्या घरातून तिघांना नेले त्या घरासमोरच्या पदपथावर गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९० च्या दशकात सुरू केलेल्या उपक्रमातील स्मरणशिला बसवायच्या आहेत. १० सेंटिमीटर चौरसाच्या पितळी पट्टीवर ‘येथे राहत होता’ या शब्दांखाली नाव आणि मोजके तपशील एवढेच मावते. मजकूर ठरवायला मैत्रिणीचे कुटुंब दोन तास बसले होते आणि आरोल्सनहून आलेल्या प्रती टेबलावर पसरलेल्या होत्या. ‘इस्राएल’ आणि ‘सारा’ वगळायचे, यावर लगेच एकमत झाले. तारखेवरून वाद झाला, आणि शेवटी ८ मे खोडून तिघांच्याही नावाखाली ‘हत्या, १९४२, सोबिबोर’ असे लिहिले गेले.