चाचणी देण्याआधी चाचणी पाहून यावी का? बेळगावातील एका स्केटिंग वर्गाचा अनुभव

बेळगावात स्केटिंग म्हटले की वाऱ्यासारखी पळणारी, शर्यतीतली मुले डोळ्यांसमोर येतात. मी ज्या वर्गाविषयी लिहीत आहे तेथे वेगाला फारसे महत्त्व नाही. तेथे फिगर स्केटिंग, म्हणजे जमिनीवर रंगवलेल्या वर्तुळांवरून चार चाकांच्या बुटांनी नेमके जाणे, शिकवले जाते. मुलीला आणण्या-पोचवण्याच्या निमित्ताने वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मीही तेथे नाव घातले. दीड वर्षाने सरांनी पहिल्या पायरीच्या चाचणीसाठी माझे नाव दिले आणि त्याआधी तीन आठवड्यांवर असलेली एक चाचणी नुसती बसून पाहण्यास सांगितले. बाहेरच्या माणसाला बसण्याचे पन्नास रुपये पडतात. ते वसूल होतात की नाही, एवढेच येथे सांगायचे आहे.

आधी गैरसोयी सांगते. फलकावर दुपारी दोनची वेळ होती. प्रत्यक्षात पहिला मुलगा तीनला दहा मिनिटे असताना उभा राहिला. जुलैचा पाऊस, वर पत्र्याचे छप्पर, आणि कडेने ओल चढलेली सिमेंटची जमीन, त्यामुळे दोघे जण गोणपाट आणि सुती कापड घेऊन वर्तुळे पुसत राहिले, हे समजण्यासारखे आहे. परंतु उशीर होणार हे कोणी मोठ्याने सांगितले असते, तर खानापूरहून बसने आलेल्या आजी-आजोबांना तासभर खांबाला टेकून उभे राहावे लागले नसते. बसायला एकच बाक, आणि त्यावर सगळ्यांच्या पिशव्या. कोण कितव्या क्रमांकावर आहे याची यादीही परीक्षक बाईंच्या टेबलावरच होती, पालकांना दिसेल अशी कुठेही लावलेली नव्हती.

चाचणी सुरू झाल्यावर मात्र मी जागची हलले नाही. सहा मीटर व्यासाची दोन वर्तुळे एकमेकांना टेकून आखलेली असतात. जेथे ती टेकतात त्या बिंदूवर उभे राहायचे, उजव्या पायावर बाहेरच्या एजने, म्हणजे बुटाच्या बाहेरच्या कडेवर कलून, एक वर्तुळ पुरे करायचे, परत त्याच बिंदूवर पाय बदलून डाव्या पायाने दुसरे, म्हणजे जमिनीवर इंग्रजी आठचा आकडा होतो. ‘फिगर’ हे नाव अशा आकृत्यांवरूनच पडले. बर्फावर पात्याची रेघ उमटते, आणि एके काळी परीक्षक खाली वाकून ती रेघ तपासत. बर्फावरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून हा भाग १९९० नंतर गेला. आपल्याकडे चाकांवर शिकताना तो अजून आहे, पण चाक मागे काही सोडून जात नाही. म्हणून परीक्षक रंगाच्या पट्टीकडे कमी आणि बुटाकडे अधिक पाहतात. शरीर एका बाजूला कलले की बुटाखालच्या रबरी कुशनवर दाब येतो, चाकांचे आस किंचित वळतात आणि पाय आपोआप गोल जातो; घोटा लटपटला की ते लगेच दिसते.

समोरचा दात पडलेला, नऊएक वर्षांचा एक मुलगा पहिल्याच ढकलीला बुटाच्या पुढचा टो-स्टॉप, म्हणजे थांबण्यासाठीचा रबरी गोळा, टेकवून निघाला. हा दोष आहे. ढकल चाकांच्या कडेने द्यायची असते. बाईंनी पेन खाली ठेवले, हात वर केला आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, “इन्नोंदु सल.” आणखी एकदा. मराठी शाळेतला तो मुलगा मान हलवून मुकाट पुन्हा बिंदूवर जाऊन उभा राहिला. पुन्हा एकदा करून दाखवता येते, आणि तसे सांगितले म्हणजे आपण गेलो असे नव्हे, हे मला दीड वर्षात कोणी सांगितले नव्हते.

दुसरी गोष्ट कानाने कळली. थ्री-टर्न घेताना पुढून मागे वळायचे असते, तेही एकाच पायावर. वळण चुकले की चाके जमिनीवर खरवडतात, विळीवर नारळ खवल्यासारखा आवाज होतो. नीट जमलेल्या वळणाला जवळजवळ आवाजच नसतो. पाऊस थांबल्यावर हा फरक इतका स्वच्छ ऐकू येऊ लागला की पुढच्या चारपाच मुलांचे निकाल मी डोळे मिटून ओळखले, एक चुकला. त्या दिवसापासून सराव करताना मी आरशात पाहणे सोडले आणि ऐकू लागले.

एकेका प्रकारानंतर बाई बराच वेळ लिहीत बसतात. तोवर मुलाने बिंदूवरच थांबायचे असते. पाहणाऱ्याला ती वीस-पंचवीस सेकंदे. उभ्या असलेल्याला किती वाटतात ते पुढे कळले.

पाहण्याचा तोटाही आहे, तो लपवत नाही. आठवीतली एक मुलगी वळणावर घसरून कुल्ल्यावर आपटली, उठली, हसली आणि पुढे पासही झाली. परंतु तिचे ते घसरणे आठवडाभर माझ्या पायात शिरून बसले होते. सराव सोडून नुसते घाबरणे चालले होते. चाचणीच्या आदल्या दिवशी पाहायला जाऊ नये. तीन आठवड्यांचे अंतर सरांनी ठरवून ठेवले असावे, असे आता वाटते.

वर्गाने सुधारावे असे आणखी एक. अमेरिकेत बर्फावरच्या चाचण्यांमध्ये प्रौढांसाठी प्री-ब्राँझपासून गोल्डपर्यंत वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि न जमणाऱ्याला नापास न म्हणता ‘रिट्राय’ म्हणतात. येथे कार्डावर तांबड्या शाईने ‘अनुत्तीर्ण’ लिहितात आणि मोठ्या माणसांना मुलांच्याच रांगेत घालतात. माझा नंबर तिसरी आणि चौथीतल्या दोघींच्या मध्ये लागला. मागची चिमुरडी माझ्या बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, “भिऊ नकासा काकू, बाई चावत न्हाईत.”

माझ्या दिवशी डाव्या वर्तुळात मी पट्टीपासून वीतभर बाहेर गेले. हात वर झाला. तो दात पडलेला मुलगा आठवला, आणि मी मुकाट बिंदूवर जाऊन उभी राहिले. कार्डावर काळी शाई आहे.

पुढील चाचणी दिवाळीच्या सुट्टीनंतर असल्याचे फलकावर लिहिले आहे. पाहायला जाणाऱ्यांनी सुटे पन्नास रुपये आणि घरची सतरंजी बरोबर ठेवावी, आणि शक्यतो उजवीकडच्या खांबाजवळ बसावे. तेथून वळणाचा बिंदू समोर येतो.