ऑफिसची सिक्युरिटी की, सहा महिने वापरून

आमच्या ऑफिसने सगळ्यांना ती यूएसबीवाली सिक्युरिटी की (पासवर्डऐवजी कॉम्प्युटरला लावून लॉगिन करायचं छोटं उपकरण) वाटली तेव्हा मी म्हटलं झालं, आयडी कार्ड कमी होतं म्हणून आता गळ्यात हे पण लटकवा. आता मात्र पासवर्डचे दिवस आठवले तरी नको वाटतं. दर 90 दिवसांनी नवीन पासवर्ड, म्हणजे काय तर शेवटच्या 7 चा 8 करायचा, सगळेच तेच करायचे (अमेरिकेच्या निस्टने, म्हणजे तिथल्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2017 लाच सांगितलंय की उगाच मुदत लावून पासवर्ड बदलायला लावू नका, आमच्या आयटीला ते कळायला एवढी वर्षं गेली).

आता की लावायची, पिन टाकायचा, चकतीवर बोट टेकवायचं, झालं लॉगिन. ते बोटाचा ठसा नाही घेत हं, निदान आमच्या मॉडेलमध्ये तरी नाही, कुणीतरी माणूस समोर आहे एवढंच बघतं.

पण पटली कधी, तर मागच्या महिन्यात "मेलबॉक्स भरलाय, लॉगिन करा" असा मेल आला, पेज हुबेहूब आमच्यासारखं, मी घाईत की लावली तर लॉगिन होईचना, दोनदा केलं, कीलाच शिव्या घातल्या आणि मग बघते तर वरच्या पत्त्यात एक अक्षर वेगळं. ज्या डोमेनवर, म्हणजे वेबसाइटच्या ज्या पत्त्यावर, रजिस्टर केली तिथेच ती चालते, त्यामुळे मी फसले तरी ती नाही फसली. एसएमएसचा ओटीपी असता तर मी गुमान टाइप करून दिला असता.

त्रास पण आहे. पिन सलग 3 वेळा चुकला की काढून परत लावा, मध्ये एकदाही बरोबर न टाकता एकूण 8 वेळा चुकला की ब्लॉक, मग रिसेट, आणि रिसेट केलं की आतल्या सगळ्या पासकी (कीमध्ये साठवलेल्या लॉगिनच्या डिजिटल किल्ल्या) गेल्या. म्हणून दुसरी की पहिल्याच दिवशी रजिस्टर करून ठेवा, ड्रॉवरमध्ये नुसती पडून काही उपयोग नाही. आणि रजेचं जुनं सॉफ्टवेअर अजून पासवर्डच मागतं, ते असो.

कीला माझे पूर्ण मार्क, सिस्टिमला नाही. कारण मी एकदा की घरी विसरले आणि हेल्पडेस्कला फोन केला, तर त्यांनी नाव आणि एम्प्लॉयी नंबर विचारला आणि दोन मिनिटांत तात्पुरता कोड दिला. एम्प्लॉयी नंबर आयडी कार्डावर छापलेला असतो.