तीन स्टॉपचा ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या जूनमध्ये १०० × १५० मिलिमीटरचा, तीन स्टॉपचा सॉफ्ट ग्रॅज्युएटेड एनडी (न्यूट्रल डेन्सिटी, म्हणजे रंग न बदलता उजेड कमी करणारा) फिल्टर घेतला. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. कारण नाशिकजवळचा अंजनेरीचा डोंगर. पाऊस उघडल्यावर हिरव्या कड्यावर एक्स्पोजर धरलं की मागचे ढग कोरे पांढरे व्हायचे, ढग सांभाळले की डोंगर काळाकुट्ट.

तिथे फिल्टरने पहिल्याच दिवशी पैसे वसूल केले. त्याचा वरचा भाग एक अष्टमांशच उजेड आत सोडतो, खालचा स्वच्छ असतो आणि मधली पट्टी हळूहळू विरळ होत जाते. होल्डर कड्याच्या उताराप्रमाणे तिरका फिरवला आणि ढगांचे थर कॅमेऱ्यातच दिसले. पावसाळ्यात थेंब मात्र सतत पुसावे लागतात. माझा फिल्टर रेझिनचा आहे, शर्टाच्या टोकाने पुसून त्यावर दोन ओरखडे मीच पाडले. सूर्य समोर असला की ते फोटोत चमकतात. मायक्रोफायबरचं कापड विसरू नका.

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला माझा हिशेब चुकला. पाणी सगळा उजेड परत पाठवत नाही, म्हणून प्रतिबिंब खऱ्या आकाशापेक्षा थोडं गडदच असतं. मी तीन स्टॉप लावले आणि आकाश पाण्यापेक्षा गडद झालं. आईने फोटो बघून विचारलं, “पाण्यातलं आभाळ वरच्यापेक्षा उजळ कसं रे?” तिला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही, पण खोटेपणा तिला लगेच दिसला. तेव्हापासून आधी आकाश आणि पाणी स्पॉट मीटरने (फ्रेममधल्या छोट्याशा भागाचाच उजेड मोजणाऱ्या) वेगवेगळं मोजतो. फरक बहुतेक वेळा दोन स्टॉपच्या आतच निघतो. ऑक्टोबरात दोन स्टॉपचा घेतला, आता पाण्यावर तोच. एकच घेणार असाल तर दोनचाच घ्या, हे मी मनापासून सांगतो.

नांदूरमधमेश्वरला पक्ष्यांसाठी टेलिलेन्स असते, तिथे हा फिल्टर बॅगेतच राहतो.

गोदाघाटावरही तसंच. सकाळी अलीकडच्या काठावरून नारोशंकराचं देऊळ घेताना उजेड देवळाच्या मागून येतो आणि फिल्टरची पट्टी शिखरावरूनच जाते. काळा दगड आणखी काळा पडतो. गर्दी नसेल तर ट्रायपॉडवर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फ्रेम घेऊन नंतर जोडतो. रामकुंडाकडे माणसं हलत असतात, जोडलेल्या फोटोत त्यांची भुतं होतात. तिथे एकच रॉ (सेन्सरची कच्ची माहिती ठेवणारी) फ्रेम, आणि एक्स्पोजर आकाशावर. सेन्सरचा पिक्सेल एकदा भरला की तिथला तपशील परत येत नाही. सावली मात्र उचलता येते, थोडा नॉइज (दाणेदारपणा) पत्करून. कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) आणि जास्त उजळलेला भाग लुकलुकवून दाखवणारा इशारा जेपेगवरून बनतात, त्यामुळे ढगाच्या कडेला थोडं लुकलुकलं तरी मी घाबरत नाही. रॉमध्ये तेवढी जागा बहुधा शिल्लक असते. सूर्याच्या आजूबाजूचा मोठा भाग लुकलुकायला लागला तरच शटरचा वेग वाढवतो.